अम्मा म्हनती

उजव्या हाताचं पहिलं बोट नाकाच्या शेंड्यावर टेकवायचं, डोळे जरा वर न्यायचे, एक आवंढा गिळायचा आणि म्हणायचं, "अम्मा म्हनती..." आमच्या गल्लीत हे एवढं झालं की शहाण्यानं ओळखावं, यापुढं जे काही येणार आहे ते अम्मा मुळीच म्हणालेली नाही.

असं एखादं माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेल. तोंडावर सरळ थापा मारणारं, आणि त्या थापांमुळंच शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरं एकमेकांशी गोडीनं नांदत राहिलेली. आमच्याकडं ते माणूस म्हणजे पाप्पा. तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, गल्लीतल्या एकाही जिभेला ते पेललं नाही, तेव्हा मीही ते इथं लिहीत नाही. पाप्पा म्हणजे त्यांच्या तमिळ बोलीत लहान मुलगी. घरात अम्मा तशी हाक मारायची, म्हणून आम्हीही मारू लागलो. पुढं ती चाळिशीची झाली तरी साऱ्या गावाची लहान मुलगीच राहिली.

गाव आमचं मोमिनाबाद. अंबाजोगाई म्हणा. अमल निजामाचा. गावाबाहेर तेव्हा घोडदळाची छावणी असे आणि छावणीच्या दवाखान्यात अर्काटाकडून आलेला एक मद्रासी कंपौंडर होता. हा पाप्पाचा बाप, तिचे अप्पा. पुढं छावणी उठली. घोडे गेले, साहेब गेले, मद्रासकडची बाकीची मंडळीही आपापल्या मुलखाला गेली. अप्पांना मात्र सरकारी दवाखान्यात जागा मिळाली आणि ते बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या गल्लीत राहायला आले. एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला खालाचं, मधे हे तिघं. माझे वडील कचेरीत कारकून होते. खाला ही पीर साहेबांच्या दर्ग्यात चादरी शिवून देणारी विधवा बाई, आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री गप्प व्हावीत.

अप्पांना सगळ्या बोली थोड्या थोड्या येत, पण ते दिवसभर दवाखान्यात. अम्माला तमिळखेरीज एक शब्द कळत नव्हता. निदान आम्ही तसं समजत होतो. त्यामुळं अम्मा आणि गल्ली यांच्या मधे उभी राहिली ती छावणीच्या पोरांत खेळून इथल्या दोन्ही बोली उचललेली ही एवढीशी पोर, नाकावर बोट ठेवून.

पहिल्याच आठवड्यात माझ्या आईनं शेजारधर्म म्हणून पिठलं-भाकरी पाठवली. मागोमाग स्वतः गेली, बरोबर मी. अम्मानं भाकरी उलटीपालटी करून पाहिली आणि लेकीला काहीतरी सांगितलं. पोरीचं बोट नाकावर गेलं.

"अम्मा म्हनती, काकू, तुमची भाकर लई पांढरी हाय. अशी आमी कुटंच बघितली न्हाई."

आई काय फुलली म्हणून सांगू! सासूनं कधी तिच्या भाकरीचं कौतुक केलं नव्हतं. तेव्हापासून दर गुरुवारी दोन भाकरी त्या घरी जाऊ लागल्या. पुढं मला तमिळ कळायला लागल्यावर पाप्पानंच सांगितलं, अम्मा म्हणाली होती, हे धान्य आमच्याकडं बैलापुढं टाकतात. लेकीच्या सौजन्यापायी त्या बिचारीनं कितीतरी वर्षं दर गुरुवारी बैलाचं खाणं खाल्लं.

अम्मा रोज पहाटे दारापुढं पिठाची रांगोळी काढी. त्यांच्या मुलखात ती तांदळाच्या पिठाची काढतात. आमच्याकडं तांदूळ सणावारी दिसायचा, म्हणून तिनं नाइलाजानं जोंधळ्याचं पीठ घेतलं. रांगोळी संपायच्या आत खालाच्या कोंबड्या हजर. अम्मा उंबऱ्यात उभी राहून दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायची आणि त्या कोंबड्यांचा वंश बुडवायची. एकदा खालानं ते पाहिलं.

"क्या बोलती गे तेरी माँ? मेरी मुर्ग्यां पो गुस्सा है क्या?"

बोट नाकावर. खालाशी ती दख्खनीत बोले. "नै खाला. अम्मा बोलती, मुर्ग्यां दरवाजे पो दाना खाने कू आये तो घर में बरकत आती बोलके."

खालाचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिनं दोन अंडी पाठवली. अम्मा अंड्याला शिवत नसे. अप्पांनी ती रुमालात बांधून दवाखान्यात नेली आणि तिथं कुणाच्या नकळत खाल्ली म्हणतात.

आणि संक्रांत! तीही आली, त्यांचाही मोठा सण त्याच दिवशी. अम्मा न्हाऊनमाखून बाहेर आली तर गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका काळी चंद्रकळा नेसून वाण घेऊन चाललेल्या. काळं लुगडं, तेही सणाच्या दिवशी! कोण गेलं, कोण गेलं, म्हणत तिनं दार लावून घेतलं आणि रडायलाच बसली. आतून रडण्याचा आवाज आणि बाहेर नाकावर बोट ठेवलेली पाप्पा. "अम्मा म्हनती, काकूला काळा रंग लई खुलून दिसतो."

मी आणि ती एका वयाच्या. सागरगोटे खेळता खेळता मी तिच्याकडून तमिळ उचललं. बोलायला जेमतेम, कळायला बरंचसं. आणि कळायला लागलं तशी माझी बोबडी वळली. ही पोर धडधडीत उलटं सांगत होती, दोन्हीकडं. आई म्हणे, "तुझ्या अम्माला सांग, सांडपाणी आमच्या दारात सोडू नका." पाप्पा अम्माला सांगे, काकू विचारते आहे, तुमच्याकडं पाण्याची टंचाई तर नाही ना? आणि संध्याकाळी स्वतः कुदळ घेऊन सांडपाण्याची चारी वळवी.

एकदा मी तिला धरलंच. "खोटारडी हायेस तू. कावून असं करतीस?"

"खोटं न्हाई गं," ती म्हणाली, "अप्पा न्हाई का, तापाचं कोयनेल मधात कालवून देतात. कडू ते कडूच राहतं. घशाखाली उतरतं एवढंच."

भांडायची ती दख्खनीत. देवापुढं पुटपुटायची तमिळमध्ये. ठेच लागली की मात्र "आई गं" म्हणून ओरडायची, आणि मग अम्माकडं चोरून बघायची.

अम्माचा मला एक संशय होता. कधी कधी खालानं काही चावट बोललेलं असायचं आणि पाप्पाचं सांगून व्हायच्या आधीच अम्माच्या पदराआड हसू फुटायचं. मी हे पाप्पाला म्हटलं. ती म्हणाली, "चल, काहीतरीच." पण त्या दिवशी बराच वेळ ती नाकावर बोट ठेवून बसली होती, सांगायचं काहीच नसताना.

आता भाऊबीज. पाप्पाला भाऊ नव्हता. त्यांच्याकडं हा सणही नाही. पण आम्ही मुली आपापल्या भावांना ओवाळायला बसलो आणि ही दाराशी उभी राहून बघते आहे, हे माझ्या आईला बघवेना. तिनं हिला आत ओढली, हातात तबक दिलं आणि माझ्या दादापुढं बसवली. हे कळल्यावर खालानं आपल्या मुलाला कान धरून आणलं. "इसकू भी ओवाळ गे, ये भी तेरा भाईच है." तेव्हापासून दर वर्षी दोन पाटांवर पाप्पाचे दोन भाऊ. अम्मा आपल्या उंबऱ्यावर बसून हे सगळं बघायची. दर वर्षी. काय चाललं आहे, हे तिनं कधी विचारलं नाही.

माझं लग्न झालं, मी नांदूरघाटला गेले. पाप्पाचं काही जुळेना. इथल्या कुठल्या घरात देणार? आणि त्यांचा मुलूख लांब. गल्ली तिला घोडनवरी म्हणू लागली, पण प्रेमानं, असं आमचं आम्हालाच वाटायचं. मग एका तापाच्या साथीत अप्पा गेले. वर्ष झाल्यावर अम्माच्या भावाचं पत्र आलं. घरात वाचणारं कुणी उरलं नव्हतं; दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचा बटलर मद्रासकडचा, त्यानं ते वाचून दाखवलं. दिवाळीला येतो, अक्का आणि मुलीला घेऊन जातो, असं मामानं लिहिलं होतं. त्या दिवाळीला मी माहेरी आलेली होते.

लातूरपर्यंत रेल्वे आणि पुढं बैलांची दमणी, असं करत मामा पाडव्याला येऊन पोचले. बरोबर त्यांचा मुलगा. सरळ, लाजरा, कुणी बघितलं की आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघणारा. अम्मा तर ओळखूच येईना. पत्र्याची पेटी ओढून तिनं ओसरीवर आणली होती. एकेक वस्तू आत ठेवायची, पुन्हा काढायची, पुन्हा ठेवायची, आणि गात होती. तिला गाता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पाप्पा मला परसात घेऊन गेली.

"मामाच्या पोराला द्यायचं ठरलंय मला. लुगडं पन आनलंय."

"अगं बाई!" माझ्या हातातला तांब्याच पडला. "मामेभाऊ ना तो? भावाशी लगीन?"

"त्यांच्यात तसंच असतं. मामाच्या पोराचा हक्कच असतो."

त्यांच्यात. आजवर ती 'आमच्यात' म्हणायची. हे माझ्या ध्यानात आलं, तिच्या आलं की नाही कोण जाणे.

"पोरगं वाईट हाय का?"

"न्हाई गं. लई गरीब हाय. पर मी त्याला बघितलं आन् मला वाटलं, आला बाई माझा भाऊ. आता काय करू? आन् मला जायचं न्हाई. तिथं मी कोन? इथली एक भाकर तिथं कुनी थापत न्हाई."

"मग सांग की अम्माला."

तिनं नुसतं ओसरीकडं बोट केलं. अम्माचं गाणं ऐकू येत होतं. दुनियेचं बोलणं इकडून तिकडं पोचवणारी ही पोर, तिला आपलं स्वतःचं एक वाक्य आईला सांगता येत नव्हतं. परवा सकाळी ही गाडीत बसणार आणि जन्मात पुन्हा दिसायची नाही, हे मला लख्ख दिसत होतं. दोघी बसून रडलो, दुसरं काय करणार?

भाऊबीज उजाडली. आमच्या ओसरीवर दोन पाट मांडलेले. दादाचं झालं, खालाच्या मुलाचं झालं. आईला लग्नाबिग्नाचं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की पाप्पाचा सख्खा मामेभाऊ घरात आहे आणि तो तसाच कोरडा बसला आहे.

"अगं, पाप्पा! तुझा खरा भाऊ आला की या वर्साला! बस रे बाबा, बस पाटावर."

दादानं त्या मुलाला दंड धरून बसवलं. त्यानं बापाकडं पाहिलं. मामांनी हसून मान डोलावली. त्यांच्याकडं नवरदेव दारी आला की बायका त्याला आरतीच ओवाळतात. आपल्या होणाऱ्या सुनेचा शेजार इतका रीतभात जाणतो, हे पाहून त्यांची छाती भरून आली असावी. त्यांनी पिशवीतून लुगडं काढून मुलाच्या मांडीवर ठेवलं. हळदीच्या रंगाचं रेशीम, बोटभर रुंद लाल काठ.

इकडं खाला माझ्या कानात म्हणाली, "क्या भाई है गे! आतेच लुगडा!" कारण आमच्यातही भाऊ बहिणीला लुगडंच घालतो.

तेव्हा बघा, ओसरी एक, निरांजन एक. निम्मी माणसं लग्न ठरलेलं बघत होती आणि निम्मी भाऊबीज. दोन्ही काय आहे हे कळणाऱ्या आम्ही दोघीच, निदान मला तसं वाटत होतं. पाप्पा तबकापुढं उभी होती. मी तिच्याकडं बघत होते. आता हात मागं घेईल, काहीतरी निमित्त काढेल.

तिनं तबक उचललं.

कुंकू लावलं. अक्षता लावल्या. सुपारी, अंगठी, मग निरांजन, सावकाश, एकदा नव्हे तीनदा. त्या मुलानं दोन्ही हातांनी लुगडं पुढं केलं, तिनं वाकून घेतलं आणि नमस्कार केला. माझी नजर उंबऱ्याकडं गेली. अम्मा विधवा, त्यामुळं ती आपली दाराशीच. मागं पेटी उघडी. तिच्या हातात घडी घातलेलं कापड होतं, ते तसंच हातात राहिलं होतं. आणि मला कळलं की हिला समजलंय. इतकी वर्षं ही उंबऱ्यावर बसून भाऊबीज बघत आली आहे. एक हाक मारली असती तर सगळं थांबलं असतं. तिनं मारली नाही.

आईनं आनंदानं पाप्पाच्या पाठीवरून हात फिरवला. "हा आता तुजा पाठीराखा. जनमभर."

"काय म्हणतात त्या?" मामांनी तमिळमध्ये विचारलं.

पाप्पाचं बोट नाकाकडं गेलं. मी जीव मुठीत धरला. ही आता मध कालवणार. काहीतरी गोड सांगणार, मामा खूश होणार, आणि सकाळी ही गाडीत बसणार.

बोट नाकाला लागायच्या आधीच तिनं हात खाली घेतला. आणि पहिल्यांदा, मी ऐकलेलं पहिल्यांदाच, जसं होतं तसं सांगितलं. "त्या म्हणतात, हा आता माझा भाऊ झाला. इथं आज भावालाच ओवाळतात, मामा. मला ठाऊक होतं."

मामांचा चेहरा पाहवेना. ते उठले, आधी पाप्पावर ओरडले, मग उंबऱ्याकडं वळले. "अक्का, तुला माहीत होतं?" लुगडं परत घ्यायला त्यांनी हात पुढं केला. तो लाजरा मुलगा अजून पाटावर होता, कपाळावर कुंकू, डोक्यावर अक्षता. त्यानं वर न बघता बापाचा हात बाजूला सारला.

अम्मा तिथूनच बोलली. बराच वेळ, हळू आवाजात. मला त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नाही. मामा ऐकता ऐकता खाली बसले.

"क्या बोली गे?" खाला कासावीस झाली होती. "काय म्हनाली तुजी अम्मा?" आईनं विचारलं.

पाप्पानं नाकावर बोट ठेवलं नाही. "काई न्हाई, काकू," एवढंच म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा आणि त्यांचा मुलगा निघून गेले. पेटी ओसरीवरून आत गेली. दुपारी अम्मा आमच्या दारात येऊन उभी राहिली, मागं पाप्पा. पाप्पाचं बोट सवयीनं वर गेलेलं. आणि अम्मानं माझ्या आईला स्वतःच्या तोंडानं, मराठीत सांगितलं, "बाई, भाकर शिकवा."

आई हातातलं काम टाकून उठली. मग तिला हाताला धरून चुलीपुढं घेऊन गेली. परतीची वाट बंद झालेल्या त्या बाईनं त्या दिवशी जोंधळ्याच्या पिठात हात घातला. भाकरी वेडीवाकडी झाली. पाप्पानं ती खाल्ली आणि म्हणाली, "लई पांढरी हाय."

मामांनी पुन्हा कधी पत्र पाठवलं नाही. अम्माचं माहेर तुटलं ते तुटलं.

पाप्पाला डॉक्टरसाहेबांनी दवाखान्यात बायकांकडं बघायला ठेवून घेतलं. तिथं तिची ती थापा मारायची विद्या फारच कामाला आली. उमापूरपासूनच्या, पाटोद्यापासूनच्या बाया अडलेल्या अवस्थेत बैलगाडीतून यायच्या. डॉक्टर उर्दूत काहीतरी करडं बोलायचे. बाई घाबरून पाप्पाकडं बघायची. बोट नाकावर. "डॉक्टरसाब म्हनतात, तुज्यावानी धीराची बाई त्येंनी बघितली न्हाई." खरी अम्मा तेव्हा घरी जोंधळा निवडत बसलेली असायची, तरी दवाखान्यात अम्माच्या नावावर औषधं खपत. "अम्मा म्हनती, ह्ये पेलं की लेकरू गोरं हुतं." कितीतरी बायांना वाटायचं, अम्मा म्हणजे कुणी देवीच असेल.

तिचं लग्न झालं नाही. हे मी टाळून पुढं जाऊ शकले असते, पण मन खातं. आमच्या गल्लीनं तिला लेक म्हटलं, दोन दोन भाऊ दिले, गौरीला हिच्याशिवाय पान हललं नाही. पण आपल्या घरात सून म्हणून घ्यावी, असं एकाच्याही मनात आलं नाही. माझ्या आईच्याही नाही, माझ्याही नाही. ती कधी बोलून दाखवत नसे. मीच एकदा विषय काढला तेव्हा म्हणाली, "जाऊ दे गं. इतक्या भावांच्या बहिनीला कोन नवरा मागायला येतो?" आणि हसली. मला हसू आलं नाही.

दर भाऊबीजेला ती तिसरा पाट मांडायची. त्यावर कुणी नसायचं. आधी त्या रिकाम्या पाटाला ओवाळायची, मग बाकीच्यांना. नवी पोरं हसायची. तेव्हा अम्माच डोळे वटारून म्हणायची, "हसू नको. भाऊ हाय तिथं." तिला तोवर मराठी चांगलंच येत होतं.

अम्मा म्हातारी होऊन गेली. तेराव्यानंतर आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाली होती गं ती?"

पाप्पानं जसंच्या तसं सांगितलं. "अम्मा म्हनाली, मला कुनी विचारलं न्हवतं. आपल्या बापानं हात धरून गाडीत बसवलं, मी आले. इथं येऊन मी रोज रडले. माज्या पोरीनं दिवा लावून न्हाई म्हटलंय. दिवा लावून सांगितलेलं मी इझवनार न्हाई. तू जा."

मग म्हणाली, "तिचं माहेर मी बुडवलं गं. आन् तिनं मला एकदा पन बोलून दाखवलं न्हाई." त्या दिवशी ती पोटभर रडली. मराठीत की तमिळमध्ये, कोण बघतंय.

पाप्पा एका श्रावणात गेली. चाळिशी ओलांडली होती एवढंच. दवाखान्यातून ताप घेऊन आली आणि चार दिवसांत आटोपलं. दादानं आणि खालाच्या मुलानं खांदा दिला. मी नांदूरघाटहून पोचेपर्यंत घराला कुलूप लागलं होतं.

त्या दिवाळीला मी माहेरी आले, दिवाळीच येऊ नये असं वाटत असताना आले. भाऊबीजेला सकाळी रांगोळी घालत होते. तिचा तो तिसरा पाट दादानं आमच्याकडं आणून ठेवला होता. सवयीनं तोही मांडला. वर बघते तर पाप्पाच्या दाराशी एक माणूस उभा. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, केस निम्मे पिकलेले, काखेत एक गाठोडं. कुलपाकडं बघत होता. मग माझ्याकडं वळला आणि पटकन आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. त्यावरून मी ओळखलं.

तमिळमध्ये म्हणाला, बाप गेला या उन्हाळ्यात. आता आलो. आणि कुलपाकडं बोट करून त्यानं विचारलं, "तंगच्ची?"

तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण. त्यांच्या रीतीत मामाचा मुलगा आत्याच्या मुलीला कधी बहीण म्हणत नाही, हे मला पाप्पानंच सांगितलं होतं. आणि हा माणूस वीस-बावीस वर्षं तो शब्द मनात घेऊन बसला होता, बाप असेतो त्याला येता आलं नव्हतं.

मी काय सांगणार होते त्याला? माझं तमिळ ते केवढं! आणि असतं तरी ते वाक्य कुणाच्या जिभेवर येतं? माझं बोट कधी नाकावर गेलं मला कळलं नाही. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगून टाकलं,

"पाप्पा म्हनती, बसा. लई वाट बघायला लावली."

तो तिसऱ्या पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. दादा दाराशी तोंड फिरवून उभा होता. त्या माणसानं गाठोडं सोडलं. तसंच हळदीच्या रंगाचं रेशमी लुगडं होतं, लाल काठाचं. ते दोन्ही हातांवर धरून त्यानं घरात आतपर्यंत बघून घेतलं, मग माझ्याकडं बघितलं. कळलं त्याला. लुगडं त्यानं हलकेच तबकाशेजारी ठेवलं आणि मला समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारत विचारलं, "आणखी काय म्हणते ती?"

मी नाकावर बोट ठेवलं. आवंढा गिळला.

"पाप्पा म्हनती, पुढच्या दिवाळीला वहिनीला पन घेऊन या."